जसा सापडला तसा

सामानाची व्हॅन उलटी येत होती आणि ती नेमकी व्हॅनच्याच वाटेत उभी होती. पीं, पीं, पीं, असा मोजून मारल्यासारखा आवाज. कचेरीच्या फाटकापासून जिन्यापर्यंतची ही वीस पावलं ती गेली अकरा वर्षं चालत आली होती, डोळे मिटूनही चालली असती. आणि आज मधेच पाय जागच्या जागी रुतले. भीतीनं म्हणावं तर व्हॅन तिला दिसलीच नव्हती. दिसत होती ती समोरची भिंत आणि भिंतीवरचा पाण्याचा जुना ओघळ. कुणीतरी दंडाला धरून तिला खसकन बाजूला ओढलं. तिच्या समोरच्या टेबलावरची टायपिस्ट होती. व्हॅन दोन हातांवर येऊन थांबली, ड्रायव्हरनं मान बाहेर काढली. "अहो बाई, केव्हाचा बोंबलतोय हा! कान काय घरी ठेवून आलात?" रखवालदार फिदीफिदी हसला. टायपिस्ट ड्रायव्हरवर उखडली, "आणि तुला आरसे कशाला दिलेत रे, भांग पाडायला?" मग तिच्याकडे वळून खालच्या आवाजात म्हणाली, "चेहरा बघ कसा झालाय. आधी पाणी पी, चल." वर जाऊन तिनं पाण्याचा ग्लास ओठाला लावला आणि तिला कापूस आठवला.

कापूस ऑक्सिजनच्या यंत्राच्या पाठीमागे होता. यंत्राच्या मागच्या अंगाला, खाली डावीकडे, नखाएवढ्या फटींची जाळी असते आणि जाळीच्या आत भोंगा. नळी दुमडली, वीज कमी झाली, काहीही बिनसलं की तो ओरडतो. त्या जाळीवर तिनं स्वतःच्या बोटांनी कापूस दाबून बसवला होता आणि वर तीन चिकटपट्ट्या लावल्या होत्या, सलाईनच्या सुईवर लावतात तशा, एकीवर एक. यंत्र परत देताना तिनं नळ्या धुतल्या होत्या, पाण्याची बाटली उकळून घेतली होती, वायर गुंडाळून तिला रबर लावलं होतं, वरची धूळ ओल्या फडक्यानं टिपली होती. समाचाराला घरात आलेल्या माणसांना ती किती शांतपणे सगळं आवरते आहे याचं कौतुक वाटलं होतं. कापूस तसाच राहिला. यंत्र गेलं त्याला सात आठवडे झाले होते. सात आठवडे तो कुणाच्या तरी उशाशी होता, आणि त्या उशीवर जे कुणी डोकं टेकून पडलं असेल त्याच्या घरच्यांची समजूत अशी, की काही झालंच तर यंत्र ओरडेल.

यंत्र तिच्या मालकीचं नव्हतंच. इस्पितळाच्या मागच्या गल्लीत एका धर्मादाय संस्थेचं केंद्र होतं. पलंग, कुबड्या, चाकाच्या खुर्च्या, ऑक्सिजनची यंत्रं, जे लागेल ते लोक तिथून घरी न्यायचे आणि गरज संपली की परत आणून द्यायचे. गरज संपली, हे शब्द त्या केंद्रात दोन्ही अर्थांनी वापरत, आणि कुणी कुणाला कुठल्या अर्थानं ते विचारत नसे. प्रत्येक वस्तूवर पितळेची एक छोटी पाटी: अमक्याच्या स्मरणार्थ. तेवीस नंबरच्या यंत्रावर कुणा एका बाईंचं नाव होतं. बाबांनी पहिल्याच दिवशी चष्मा लावून ती पाटी वाचली आणि म्हणाले, "या बाईंची आपली काही ओळखदेख नाही. पण आता त्यांच्याच हवेवर दिवस काढायचे आहेत, तेव्हा नीट वागलं पाहिजे." त्यानंतर यंत्राचं नाव आजीबाई पडलं. आजीबाई रात्रंदिवस घुरघुरत, मधूनच उसासा टाकत. आणि वीज जरा खाली आली की किंचाळत. बाबा दचकून उठून बसायचे. हवा संपली असं त्यांना वाटायचं. संपलेली नसायची, पण त्या धसक्यानंच त्यांचा श्वास असा अडकायचा की तो पुन्हा रुळावर यायला तासभर लागायचा. त्या तासात ते तिचं मनगट धरून ठेवत. बोटांत जोर नसे, पण सुटायचीही नाहीत. तिसऱ्या दिवशी म्हणाले, "फार कजाग आहे ही. तोंड बंद कर तिचं."

मग तेच पुढे म्हणाले, "पूर्ण नको. मला ऐकू येऊ नये, तुला यावं, एवढंच. कापूस घाल, आणि स्वयंपाकघरातून ऐकू येतं का ते बघ."

"बघते," ती म्हणाली होती. आणि बघितलं नव्हतं.

हे तिच्या हातून व्हायला नको होतं, कारण ती वजनकाटे तपासणाऱ्या माणसाची मुलगी होती. बाबांची सगळी नोकरी दुकानादुकानांतून काटे तपासण्यात गेली. लहानपणी सुट्टीच्या दिवशी ती त्यांच्याबरोबर जायची, वजनांची मखमली पेटी मांडीवर घेऊन. चुकीचा काटा सापडला की दुकानदार घाईघाईनं स्क्रू पिळायला धावे आणि बाबा त्याचा हात धरत. "हं हं, हात लावू नका. आधी किती चुकलाय ते बघू द्या." त्यांच्या वहीत दोन रकाने असत. एक, जसा सापडला तसा. दुसरा, दुरुस्तीनंतर. तिनं एकदा विचारलं होतं, दुरुस्त करायचाच आहे तर आधीचं कशाला लिहायचं? ते चालता चालता थांबले होते. "अगं, दुरुस्त काटा काय, कुणीही बघेल. पण गेले सहा महिने ज्यांनी ज्यांनी याच्यावर माल तोलून नेला, त्यांचं काय झालं हे फक्त पहिल्या रकान्यात कळतं. तो एकदा पुसला की कायमचा पुसला." तिला तेव्हा त्यातलं फारसं कळलं नव्हतं. दुकानदारानं हातावर ठेवलेली गोळी चघळत ती पुढच्या दुकानाकडे बघत होती.

ती दुपार तिनं इतक्यांदा सांगितली होती की आता ती तिला पाठ झाली होती. जेवण झालं होतं. बाबांना नुकता डोळा लागला होता. ती स्वयंपाकघरात दुधाचं पातेलं घासत होती, करपलेलं होतं, निघता निघत नव्हतं. मागच्या गल्लीत कुणीतरी बराच वेळ गाडी मागे घेत होतं. कुणाचं बिऱ्हाड हलत असावं. बाबांची झोप मोडेल म्हणून ती ओल्या हातांनीच खोलीत गेली. ते भिंतीकडे तोंड करून निजले होते. पांघरूण खांद्यापर्यंत होतं. यंत्राच्या वरची खिडकी उघडी होती, ती तिनं आवाज न करता ओढून घेतली, आणि चवड्यांवर परत आली. अर्ध्या तासानं दूध घेऊन गेली तेव्हा ते गेले होते. त्यांना उताणं करताना कुशीखालून नळी निघाली. दुमडलेली होती, की नुसतीच अंगाखाली गेली होती? हे तिला आठवत नव्हतं. हातांना आठवत असेल. हातांनी ती सरळ केली होती. डॉक्टर म्हणाले, आज नाहीतर उद्या, फुप्फुसांत काही उरलंच नव्हतं. हे वाक्य तिनं घट्ट धरून ठेवलं होतं. आणि खिडकीचं वाक्य. भावाला परदेशी फोनवर सांगताना, टायपिस्टला सांगताना, प्रत्येक वेळी ती खिडकीपाशी येऊन थांबायची: झोप मोडू नये म्हणून मी खिडकीसुद्धा लावून घेतली होती. ऐकणारा मान हलवायचा. याहून जास्त कुणी काय करणार?

संस्था इस्पितळातल्या संशोधनालाही मदत करत असे. यंत्र परत करताना एक फॉर्म भरून घेत. घरी ऑक्सिजनवर असलेल्या रुग्णांवर तिथली एक तरुण डॉक्टरीण अभ्यास करत होती, पुढची यंत्रं कशी असावीत, घरच्यांना काय शिकवावं, त्यासाठी. नववा प्रश्न होता: शेवटच्या चोवीस तासांत यंत्राचा इशारा वाजला होता का? समोर तीन चौकोन. हो. नाही. माहीत नाही. तिनं 'नाही'वर खूण केली होती. पेन जराही अडखळलं नव्हतं.

संध्याकाळी तिनं केंद्राला फोन केला. फोनवर पानाकाका होते. इस्पितळातून निवृत्त झालेले मेकॅनिक. खिशात कायम पाना असायचा म्हणून सगळे त्यांना तेच म्हणत, आणि तेही फोन उचलून "पानाकाका बोलतोय" असंच म्हणत.

"तेवीस नंबर? अहो, ते दुसऱ्याच दिवशी गेलं. आमच्याकडे यंत्राला बसायला वेळ कुठे मिळतो!"

"आणि... ज्यांच्याकडे आहे, ते बरे आहेत ना?"

"बरी माणसं आमच्याकडे कशाला येतील, ताई?" ते हसले. मग त्यांना तिचा आवाज कळला असावा. "यंत्र परत आलेलं नाही. म्हणजे आहेत."

सांगायला एक वाक्य पुरलं असतं. मागे कापूस आहे, तेवढा त्यांना आत्ताच काढायला सांगा. वाक्य तोंडात तयार होतं, तिनं ते जिभेनं आतल्या आत फिरवूनही पाहिलं. पण त्याच्या मागोमाग दुसरा प्रश्न येणार होता, कापूस कुणी घातला, आणि त्याच्या मागे तिसरा, जो पानाकाका विचारणार नव्हते. ती म्हणाली, "मला ते यंत्र एकदा बघायचं होतं. तुम्ही त्या घरी जाल तेव्हा मी येऊ का?"

पानाकाकांना यात काहीच विचित्र वाटलं नाही. "या की. पुष्कळांना तसं वाटतं. एक गृहस्थ तर दर महिन्याला पलंगाला भेटायला यायचे. बसायचे जरा वेळ, जायचे. उद्या दोनला या, तेवीसचा फिल्टर धुवायचा झालाच आहे."

उद्या दोन. म्हणजे वीस-एकवीस तास. फोन ठेवल्यावर तिला कळलं की आपण काय केलं आहे: आपली चूक चारचौघांत येऊ नये म्हणून एका अनोळखी माणसाचे वीस तास टांगून ठेवले आहेत. तरीही तिनं पुन्हा फोन उचलला नाही. कुठेतरी एक माणूस कूस बदलत होता, नळी अंगाखाली जात होती, जाळीच्या आत भोंगा कापसाला ढुशा देत होता. सकाळी कचेरीत तिनं एकच पत्र तीनदा लिहिलं. टायपिस्टनं तिच्या टेबलावर बिस्किटाचा पुडा सरकवला.

घर तिसऱ्या मजल्यावर होतं. एका म्हाताऱ्या शिंप्याचं. दार त्याच्या बायकोनं उघडलं, आणि त्या बाईच्या चेहऱ्यावर घाई नव्हती, हे तिनं आधी पाहिलं. मोठी खोली, टोकाला पलंग, पलंगाशी तेवीस नंबर. घुरघुर तीच, उसासा तोच. शिंपी लोडाला टेकून बसला होता, नाकात नळी आणि गळ्यात अजून मापाची टेप. त्यानं तिच्याकडे एकदाच नजर टाकली. "डावा खांदा अर्धा इंच उतरलाय तुमचा. पर्स त्याच खांद्याला लावता ना? कुणी सांगितलं नसेल."

"झालं यांचं सुरू," बायको म्हणाली. "परवा डॉक्टरांना म्हणाले, तुमच्या कोटाची बाही कुणी बिघडवली. तपासायला आलेला माणूस ओशाळा होऊन गेला बिचारा."

"बिघडवलीच होती," शिंपी म्हणाला. आणि एवढ्या बोलण्यानं त्याला धाप लागली.

पानाकाका यंत्रामागे गुडघ्यांवर बसले. ती त्यांच्या शेजारी वाकली. बेत असा होता की ते फिल्टर धुवायला मोरीत जातील आणि ती दोन बोटांत काम उरकेल. पण त्यांची बॅटरी आधी तिथेच पडली. "हे काय? अहो, भोंग्यावर बोळा कुणी कोंबलाय?"

बायकोचा चेहरा एकदम उतरला. "आम्ही नाही हो, भाऊ! मागच्या बाजूला तर आम्ही हातसुद्धा लावला नाही. देवाशपथ. तुम्ही सांगितलं होतं ना, वरची दोनच बटणं. यांना विचारा." ती नवऱ्याकडे बघत होती, यंत्राकडे बघत होती. यंत्र काढून नेतील, ही भीती तिच्या हातांत दिसत होती. ते एकमेकांना चोळत होते.

"रागावत नाही मी. पण यांचा जीव यावर—"

"मी घातलाय," ती म्हणाली.

आजीबाईंनी एक उसासा टाकला.

"बाबा दचकायचे. परत देताना काढायचा राहिला. मला काल आठवलं." आणि मग, ज्याची तिला स्वतःला सर्वांत जास्त लाज वाटत होती ते, "काल फोनवर सांगायला हवं होतं."

पानाकाकांनी तिच्याकडे पाहिलं. ओरडले नाहीत. "हं," एवढंच म्हणाले, आणि पट्टीचं टोक नखानं उचललं.

तिचा हात आपोआप पुढे झाला. त्यांचं मनगट तिनं धरलं होतं. "थांबा. काढू नका. आधी... आहे तसा वाजवून बघू."

"कशाला?"

"मला स्वयंपाकघरातून ऐकायचंय."

तिला आत्ता इथून उठून जिना उतरता आला असता. कापूस निघाला असता, भोंगा वाजला असता, सगळं नीट झालं असतं, आणि पहिला रकाना कायमचा कोरा राहिला असता. तिला तो कोराच हवा होता. जिच्यावर ती सात आठवडे उभी होती ती जमीन म्हणजे तो कोरा रकानाच होता. ऐकू आला नाही, तर कापसानं घात केला, आणि कापूस तिनं घातला. ऐकू आला, तर— यापुढे तिचं मन जात नव्हतं. दारापर्यंत जाऊन परत येत होतं.

पानाकाकांनी पिशवीतून लहान सिलिंडर काढला, शिंप्याच्या नाकातली नळी बदलली, दोनदा तपासली. "आता यंत्राची नळी दुमडून धरतो. अर्ध्या मिनिटानं वाजेल. जा तुम्ही."

स्वयंपाकघर बोळाच्या टोकाला होतं. शिंप्याची बायको चहा टाकायला तिच्या मागोमाग आली. तिच्या जिवात जीव आला होता आणि ती आता अखंड बोलत होती. "माझं काही नाही हो बाई, पण यंत्र गेलं असतं तर मी कुणाकडे तोंड वेंगाडलं असतं? साखर किती? तुमच्या वडिलांना किती दिवस होतं हे?" नळ सुरू झाला. भांडं नळाखाली गेलं. ती ओट्याला टेकून उभी राहिली, कान देऊन. घुरघुर इथपर्यंत येत नव्हती. नळाचं पाणी. बाईचं बोलणं. खाली कुठेतरी दार आपटलं. अर्धं मिनिट झालं असावं. काही नव्हतं. काहीच नव्हतं, आणि आपल्याला सुटल्यासारखं वाटतंय हे ध्यानात येऊन तिला स्वतःची शिसारी आली. बाईनं नळ बंद केला, भांडं शेगडीवर ठेवलं, आणि सहज खिडकीकडे मान वळवली.

"खाली कुणीतरी गाडी मागे घेतंय वाटतं," बाई म्हणाली. "केव्हाची चाललीये. नीट शिकत नाहीत आणि चालवतात."

पीं, पीं, पीं. बारीक, लांबची, मऊ. दोन गल्ल्या पलीकडून आल्यासारखी. तिनं खिडकीतून खाली पाहिलं. खाली रिकामा रस्ता होता. एक कुत्रं सावलीत पडलं होतं.

मग ती दुपार पाठ म्हणावी तशी नाही, तर होती तशी आली. करपलेलं पातेलं. गाडी. ओले हात. खोलीत पाऊल टाकताना गाडीचा आवाज मोठा झाला होता. उघडी खिडकी, म्हणून मोठा. तिनं खिडकी लावली होती आणि आवाज कमी झाला नव्हता. झाला, असं ती धरून चालली होती. ती बाबांपासून दोन हातांवर उभी होती, तिच्या गुडघ्याशी यंत्र होतं, बाबांची पाठ तिच्याकडे होती, आणि तिनं त्यांच्या झोपेला जपत चवड्यांवर पाठ फिरवली होती. अर्ध्या तासानं दूध घेऊन आली तेव्हाही गाडी चाललेलीच होती. आणि ज्या क्षणी तिच्या हातांनी नळी सरळ केली, त्या क्षणी गल्लीतली गाडी थांबली होती. त्याही वेळी, त्या स्थितीतही, तिच्या मनाच्या एका कोपऱ्यानं नोंद घेतली होती: झाली बाई एकदाची लावून.

ती बोळातून परत आली. पानाकाका नळी दुमडून बसले होते. खोलीत आवाज जरा मोठा होता, पण खिडकीतून आल्यासारखाच. त्यांनी भुवया उंचावल्या. ती खाली बसली आणि तिनं पट्ट्या उचकटल्या, एक, दुसरी, तिसरी, आणि कापूस ओढून काढला.

आवाज खोलीभर फुटला. शिंपी ताठ उठून बसला, त्याचे डोळे विस्फारले. तेच डोळे, हवा संपलेल्या माणसाचे. बोळातून पावलं धावत आली. चार पावलांत. त्याची बायको दारात उभी होती, ओल्या हातात चमचा, चमच्यातून पाणी जमिनीवर ठिबकत. "काय झालं? काय झालं यांना?"

"काही नाही, वहिनी. असा वाजायला हवा," पानाकाका म्हणाले आणि नळी सोडली. यंत्र गप्प झालं. शिंप्यानं छातीवर हात ठेवला. "काय गळा आहे हो," तो म्हणाला, आणि बायको हसायला लागली, आणि हसता हसता डोळे पुसायला लागली. तिनं जाऊन त्याची उशी सारखी केली. करायची काही गरज नव्हती.

कापसाचा बोळा तिच्या तळहातावर होता. एका बाजूला जाळीच्या फटींचे ठसे उमटलेले. पानाकाकांनी केंद्राची वही काढली, चष्मा कपाळावरून खाली ओढला. "लिहायला लागतं. त्या डॉक्टरीणबाई सगळं विचारतात हल्ली." त्यांनी तारीख टाकली, यंत्राचा नंबर टाकला. "तेवीस. भोंग्यावर कापूस. काढला. आता ठीक." मग पेन थांबलं. "आणि कापूस असताना? आत ऐकू आला होता का?"

"मला तर खाली गाडीच मागे घेतायत असं वाटलं," शिंप्याची बायको म्हणाली.

"वाटायचं राहू द्या, वहिनी. हो की नाही, एवढंच हवंय." ते तिच्याकडे वळले. "ताई?"

खिडकी उघडी होती. बाहेर कसलाच आवाज नव्हता.

"माझ्या फॉर्मवर नववा प्रश्न आहे," ती म्हणाली. "त्याचं उत्तरही बदलायचंय." तिचा आवाज तिला लांबून आल्यासारखा ऐकू येत होता, पण येत होता. "हो. ऐकू आला होता."